वीस वावांत

बर्फाच्या कारखान्याला पेज कशाला,
हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही.
लतीफचाचा होडेकरांनाही ते ठाऊक नव्हतं.
त्यांच्या दोह्यातल्या मुलानं पुण्याच्या एजन्सीला पैसे भरले,
एजन्सीनं मला घेतलं:
दुसरं वर्ष, घर साखरतरला,
दोन महिने, अडीच हजार, शिवाय सर्टिफिकेट.

"बर्फाला कशाला गो जाहिरात?" चाचा म्हणाले,
"मासा काय फोन बघून मरतो?"

पण शाल्मली मॅडमचं एक्सेल आलं होतं.
सोमवारी प्रेरणा, बुधवारी पडद्यामागचं,
शुक्रवारी काहीतरी मजेशीर.
सोमवारी मी लिहिलं, थंड डोक्यानं जग जिंकता येतं.
तीन लाइक. एक माझा, एक आईचा,
एक दोह्याहून.

बुधवारी बबन शिवलकरला शूट केलं,
खांद्यावर गोणपाट, हुकानं लादी ओढताना.
अमोनियाचा वास रीलमध्ये येत नाही.
क्रशरचा आवाज येतो, तो मॅडम म्हणाल्या काढ.
कॅप्शन सुचेना,
म्हणून समोरच्या वहीतलं उतरवलं:
भैरीकृपा, ऐंशी लाद्या, दहा दिवस.

पहाटे तीन चाळीसला आलेख उठून उभा राहिला.
दुसऱ्या पहाटेही. मग एक दिवस सोडून.
मॅडम म्हणाल्या, बॉट असतील,
माणसं या वेळेला झोपतात.

बबन हसत सुटला.
"बॉट नाय गो, बोटी!
वीस वावांत आल्या की टॉवर लागतो.
दहा दिवसांचं सगळं एकदम येतं,
मेसेज, शिव्या, बायकोचे मिसकॉल,
आणि तू."

मग कैलालीहून कुणी सरिता चौधरी:
गाझी ने बर्फ लिया क्या? मेरा भाई है उस पे.
मी वही बघून लिहिलं, मंगळवारी, साठ लाद्या.
तिनं हात जोडले.
साठ म्हणजे आठ दिवस,
हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

त्यानंतर प्रेरणा बंद.
बोट, लाद्या, दिवस.
"हा कंटेंट नाही, स्टॉक रजिस्टर आहे," मॅडम म्हणाल्या,
"तुझा टार्गेट ऑडियन्स कोण?"
मला माहीत होता.
त्यांच्या एक्सेलमध्ये तसा रकाना नव्हता.

गाझी नवव्या दिवशी आली नाही.
दहाव्या दिवशी सरितानं नुसतं बोटीचं नाव लिहिलं.
मी टाइप करायची, पुसायची.
चाचांनी वायरलेसवाल्याला तीनदा विचारलं
आणि मला चहा पाठवला, न मागता.
अकराव्या पहाटे, चार वाजून दहा मिनिटांनी,
बबनच्या जुन्या रीलवर एक लाइक:
लछिराम चौधरी.
बोट जेटीला लागायला अजून दोन तास होते.
मी कैलालीला कळवलं,
लाइक आया है.

एकतीस मेला सगळ्या बोटी आत.
त्या रात्री आलेख इतका चढला
की मॅडमनी स्क्रीनशॉट मागितला.
मग बंदी. मग सपाट.
सर्टिफिकेटवर शमिकाच्या जागी शर्मिला छापलंय,
दुरुस्तीचा मेल केलाय, उत्तर नाही.
पासवर्ड चाचांनी वहीच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलीनं लिहून घेतला, उधारीच्या खाली.
"ऑगस्टला कोण लिवणार?"
मी म्हटलं, पाठवतील कुणालातरी.

जुलैत एक फोटो आला.
लछिराम, गुडघाभर चिखलात, हातात भाताची रोपं,
कॅमेऱ्याकडे न बघता.
खाली सरिता: इधर टावर नहीं है दीदी,
पहाड़ी पे चढ़ के भेजा.

मी लाइक केलं.
पोचलं, एवढं कळावं म्हणून.